बंद पडलेला संगणक आणि कुटुंबाची छायाचित्रे

(सुरत येथे मराठी भाषिक कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तापी नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, खानदेश ओलांडते आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. खानदेशातील हजारो कुटुंबेही जवळजवळ याच वाटेने सुरतेस आली. भुसावळ-सुरत लोहमार्गावरील अंमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार ही स्थानके मागे टाकीत माणसे उधन्यास उतरली. यंत्रमागांवर, रंगाई-छपाईच्या कारखान्यांत, साड्यांच्या बाजारात त्यांनी काम धरले आणि उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत मराठी बिऱ्हाडे थाटली. गावाकडून आणलेल्या मोजक्या सामानात पुष्कळांच्या घरी एक वस्तू हमखास असे. ती म्हणजे वडीलधाऱ्यांचे, तालुक्याच्या स्टुडिओत उभे राहून काढलेले, काचेच्या चौकटीतील छायाचित्र.

पुढे काळ बदलला. २००० सालानंतरच्या काही वर्षांत मध्यमवर्गीय घरांत संगणक आला, पाठोपाठ डिजिटल कॅमेरा आला. भिंतीवरच्या तसबिरी, पेटीतील अल्बम, लग्नामुंजींची छायाचित्रे स्कॅन करून संगणकात साठविली गेली. जागा वाचली, सोय झाली. परंतु या सोयीबरोबर एक जोखीमही घरात आली, आणि तिचा विचार बहुधा संगणक बंद पडल्यावरच केला जातो. आजचा विषय तोच आहे. संगणक सुरू होईनासा झाला म्हणजे त्यातील छायाचित्रे गेली, असे समजावे काय?

याचे थोडक्यात उत्तर असे की, बहुतेक वेळा छायाचित्रे जागच्या जागी असतात. ती कायमची जातात ती पुष्कळदा बिघाडामुळे नव्हे, तर बिघाडानंतर केलेल्या घाईमुळे.

घाई कशी नडते

उदाहरणादाखल उधन्यातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. मुलाच्या शिक्षणासाठी २००५ च्या सुमारास हप्त्याने संगणक घेतलेला. आजोबांचे एकुलते एक छायाचित्र गावी काकांकडे होते. ते चार दिवसांसाठी मागून आणले, स्कॅन केले आणि परत पाठविले. पुढे गावच्या जुन्या घरात वाळवी लागली आणि मूळ छायाचित्र नष्ट झाले. आता आजोबांचा चेहरा फक्त त्या संगणकात उरला. एके दिवशी संगणक सुरू होत नाही. दुरुस्तीस नेल्यावर कारागीर सांगतो, ‘फॉर्मॅट मारावे लागेल.’ घरातील माणूस मान डोलावतो. कारण त्याला संगणक चालू होऊन हवा असतो, आणि फॉर्मॅट या शब्दाचा पुरा अर्थ त्याला ठाऊक नसतो. संध्याकाळी संगणक घरी येतो. तो नव्यासारखा चालतो, मात्र त्यात आजोबा नसतात.

येथे कारागिराने लबाडी केली असे म्हणता येणार नाही. त्याच्याकडे यंत्र सुरू करण्याचे काम दिले होते, ते त्याने केले. छायाचित्रे वाचविण्याचे काम त्याच्याकडे कोणी सोपविलेच नव्हते. ही दोन कामे निराळी आहेत, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. छायाचित्रे हवी असतील तर ती काढून घेण्याचे काम आधी आणि यंत्र दुरुस्त करण्याचे काम नंतर, असाच क्रम असावयास हवा.

छायाचित्रे कोठे असतात

संगणकाच्या पेटीत अनेक भाग असतात. वीज पुरविणारा एसएमपीएस, सर्व भागांना जोडणारा मदरबोर्ड, काम चालू असताना तात्पुरती माहिती धरून ठेवणारी रॅम, आणि माहितीचा कायमचा साठा करणारी हार्ड डिस्क. छायाचित्रे केवळ या शेवटच्या भागात असतात. जुन्या संगणकातील हार्ड डिस्क म्हणजे धातूच्या डबीत बसविलेल्या गुळगुळीत चकत्या होत. त्या मिनिटाला हजारो वेळा फिरतात आणि त्यांच्यावरील चुंबकीय खुणांच्या रूपाने माहिती राहते. वीज गेली तरी या खुणा पुसल्या जात नाहीत.

आयबीएम या कंपनीने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्क यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या भ्रमणध्वनीवर काढलेले एखादे छायाचित्रच तेवढी जागा घेते. आकार असा आक्रसला तरी मूळ तत्त्व तेच राहिले आहे. साठा करणारा भाग वेगळा आणि यंत्र चालविणारे भाग वेगळे. तिजोरीच्या खोलीचा दिवा गेला म्हणून तिजोरीतील दागिने जात नाहीत, तसेच हे आहे.

बिघाड ओळखण्याची रीत

बटण दाबल्यावर दिवा लागत नसेल आणि पंखाही फिरत नसेल, तर दोष बहुधा विजेच्या पुरवठ्यात असतो. प्रथम वायर, प्लग आणि लॅपटॉप असल्यास चार्जर तपासावा. पंखा फिरतो, दिवे लागतात, पण पडद्यावर काहीच उमटत नसेल, तर दोष रॅम, मदरबोर्ड किंवा खुद्द पडद्यात असण्याचा संभव अधिक. रॅमची पट्टी काढून तिची टोके खोडरबराने हलके पुसून पुन्हा बसविल्यावर संगणक सुरू झाल्याचा अनुभव प्रत्येक कारागिरास आहे. या दोन्ही प्रकारांत छायाचित्रांना सहसा धक्का लागलेला नसतो.

पडद्यावर कंपनीचे चिन्ह येते, पण पुढे विंडोज उघडत नाही, असा तिसरा प्रकार आहे. त्यात संगणक चालविणाऱ्या प्रणालीच्या फाइली बिघडलेल्या असू शकतात, किंवा हार्ड डिस्क अशक्त झालेली असू शकते. चौथा प्रकार मात्र गंभीर होय. डबीतून टक-टक असा आवाज ठरावीक अंतराने येत असेल, किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल, तर तत्काळ वीज बंद करावी आणि ‘एकदा पुन्हा लावून पाहू’ हा मोह टाळावा. हार्ड डिस्कमधील वाचक टोक चकतीपासून काही नॅनोमीटर इतक्याच अंतरावर तरंगत असते. ते चकतीला घासू लागले असेल, तर प्रत्येक वेळी सुरू करताना माहितीचा आणखी थोडा थर खरवडला जातो.

घरी करता येण्याजोगे उपाय

आवाज नसेल तर पहिला उपाय सोपा आहे. संगणकाची वीज पूर्ण तोडून हार्ड डिस्क बाहेर काढावी आणि दुसऱ्या, चालू संगणकास जोडावी. यासाठी बाजारात ‘केसिंग’ नावाची लहान पेटी किंवा जोडवायर मिळते. ती घेताना डिस्कची जात पाहावी. साधारण २००५ पूर्वीच्या पुष्कळ संगणकांत रुंद, चपट्या पट्टीची आयडीई जोडणी असे. नंतरच्या संगणकांत अरुंद साटा जोडणी आली. डेस्कटॉपची डिस्क साडेतीन इंची असते व तिला स्वतंत्र वीजपुरवठा लागतो; लॅपटॉपची अडीच इंची डिस्क बहुधा यूएसबीच्याच विजेवर चालते. अगदी अलीकडच्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम-डॉट-टू डिस्क असते आणि काहींत साठा मदरबोर्डवरच पक्का बसविलेला असतो. तो काढता येत नाही.

डिस्क जोडल्यावर पडद्यावर कधी कधी प्रश्न येतो की, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉर्मॅट करावयाची काय? याचे उत्तर नेहमी ‘नाही’ असेच द्यावे. विंडोज एक्सपीच्या काळातील संगणक असेल तर ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या कप्प्यात आणि त्यानंतरच्या काळातील असेल तर ‘यूझर्स’ या कप्प्यात वापरणाऱ्याच्या नावाखाली छायाचित्रे सापडतात. डेस्कटॉपवर आणि ‘डी’ विभागातही शोधावे. पुष्कळ कुटुंबांची छायाचित्रे तेथेच ठेवलेली आढळतात. सापडलेली सर्व छायाचित्रे निराळ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत.

डिस्क काढणे जमण्यासारखे नसेल तर दुसरा उपाय आहे. उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन तिच्या आधारे संगणक सुरू करता येतो. ती आतील विंडोजला हात न लावता चालते. मात्र सुरुवातीस ‘वापरून पाहा’ आणि ‘स्थापित करा’ असे दोन पर्याय येतात, त्यांपैकी पहिलाच निवडावा. दुसरा निवडल्यास नवी प्रणाली जुन्या माहितीवर लिहिली जाण्याचा धोका असतो.

येथे एक नियम सर्वांनी पाठ करावा: ज्या डिस्कवरून काही परत मिळवावयाचे आहे तिच्यावर काहीही लिहू नये. फाइल पुसली जाते तेव्हा चुंबकीय डिस्कवर प्रत्यक्षात तिची फक्त नोंद काढली जाते. ग्रंथालयाच्या सूचीतून पुस्तकाचे कार्ड काढले तरी पुस्तक कपाटात राहते, तसाच हा प्रकार आहे. त्या जागेवर दुसरे काही ठेवले जाईपर्यंत मूळ मजकूर तेथेच असतो. म्हणूनच नव्याने विंडोज भरलेल्या डिस्कवरूनही काही छायाचित्रे मिळण्याची आशा असते. परंतु त्या डिस्कचा वापर जितका चालू राहील तितकी ती आशा कमी होते. उधन्याच्या त्या घराने संगणक घरी येताच तो बंद करून डिस्क बाजूला ठेवली असती, तर आजोबांचे छायाचित्र अजूनही हाती लागण्यास वाव होता.

अशा वेळी फोटोरेक हे विनामूल्य उपलब्ध असलेले साधन उपयोगी पडते. ते नावांच्या सूचीवर विसंबत नाही, तर डिस्कवरील मजकूर ओळीने वाचत जाते आणि छायाचित्राच्या आरंभी असणारी ठरावीक खूण ओळखून ते बाहेर काढते. यात मूळ नावे व कप्पे मिळत नाहीत. हजारो छायाचित्रे आकड्यांच्या नावांनी एकत्र येतात. तथापि, कॅमेऱ्याने छायाचित्राच्या आतच नोंदविलेली तारीख पुष्कळदा शाबूत असते, आणि तिच्या आधारे त्यांची लावणी करता येते. डिस्क अशक्त असेल, तर आधी डीडीरेस्क्यू या साधनाने तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी व शोध त्या प्रतीवर चालवावा. आजारी माणसाला वारंवार उठवू नये, हा साधा विवेक येथेही लागू पडतो.

नव्या लॅपटॉपबाबत दोन सूचना आवश्यक आहेत. पहिली अशी की, त्यांत फिरत्या चकत्यांऐवजी चिपांवर साठा करणारी एसएसडी असते. तीत पुसलेल्या फाइलींची जागा प्रणाली लवकर साफ करून घेते. त्यामुळे पुसलेले परत मिळण्याची शक्यता फार कमी. दुसरी अशी की, अनेक नव्या लॅपटॉपांतील साठा कुलूपबंद केलेला असतो. विंडोजमध्ये या कुलपास बिटलॉकर म्हणतात आणि त्याची किल्ली ४८ अंकी असते. ती किल्ली नसेल तर डिस्क निरोगी असूनही छायाचित्रे वाचता येत नाहीत. ही किल्ली आजच शोधून वहीत लिहून ठेवावी.

महापुराचा धडा

सुरतेत हा विषय बोलताना ऑगस्ट २००६ चे स्मरण टाळता येत नाही. उकाई धरणातून सोडलेला विसर्ग तेव्हा सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पोहोचला. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. अडाजण, रांदेर, कतारगाम या भागांत तळमजले बुडाले आणि कुटुंबे कित्येक दिवस वरच्या मजल्यांवर व गच्च्यांवर विजेविना अडकून पडली. १९६८ चा महापूर पाहिलेल्या वृद्धांनी पाणी पाहिले होते. पण या वेळी पाण्यात एक नवी वस्तू सापडली होती, ती म्हणजे घरातील संगणक. पूर ओसरल्यावर रस्त्याकडेला टाकलेल्या गाळभरल्या सामानात अशी यंत्रे गेली, तेव्हा त्यांच्या पोटात काय आहे याचा विचार करण्याचे भान कोणास असणार? ज्यांचे अन्नधान्य, अंथरूण-पांघरूण, मशीन आणि मालही गेला, त्यांना त्याचा दोष देता येत नाही.

तरीसुद्धा माहीत असावे की, पाण्यात बुडालेली डिस्क मेलीच असे नसते. तिच्या डबीस हवेसाठी एक सूक्ष्म छिद्र असते. त्यातून पाणी व गाळ आत शिरू शकतो. अशी डिस्क वीज जोडून कधीही पाहू नये, कारण वाचक टोक व चकती यांतील अंतरापेक्षा गाळाचा बारीकसा कणही कितीतरी मोठा असतो. ती उघडू नये, उन्हात किंवा गरम हवेने वाळवू नये, तांदळाच्या डब्यात पुरू नये. गाळ वाळला म्हणजे चकतीला घट्ट चिकटतो. ओलसर अवस्थेतच ती घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालावी आणि जेथे धूळविरहित कक्षात डिस्क उघडण्याची सोय आहे, अशा ठिकाणी लवकरात लवकर पोहोचवावी. हे काम खर्चाचे असते. म्हणून खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्यावा आणि त्या डिस्कमध्ये दुसरीकडे कोठेही नसलेले असे नेमके काय आहे, हे घरच्या सर्वांनी बसून ठरवावे.

चिकाटीने काय साधते, याचे एक उदाहरण जगापुढे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान पृथ्वीकडे परतताना भंगले. त्यात कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अवशेषांत एक जळालेली हार्ड डिस्क सापडली. तिच्यातील बहुतांश माहिती तज्ज्ञांनी परत मिळविली आणि त्या यानात केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. माणसे परत आली नाहीत. त्यांनी केलेले काम मात्र हाती आले.

कागदी छायाचित्रांविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. ती भिजून एकमेकांस चिकटली असतील तर ओढून सोडवू नयेत. स्वच्छ, थंड पाण्यात ठेवून हलक्या हाताने वेगळी करावीत आणि चेहऱ्याची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावीत. मार्च २०११ मधील त्सुनामीनंतर जपानमध्ये स्वयंसेवकांनी ढिगाऱ्यातून वेचलेली लाखो छायाचित्रे अशीच धुऊन, वाळवून लोकांना परत मिळावीत म्हणून मांडून ठेवली होती.

दुसरी प्रत, दुसऱ्या गावी

८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्यास आग लागली आणि मोलाच्या अनेक मूळ फिल्म जळाल्या. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर उतरविलेल्या होत्या, ते मात्र पाहावयास उरले. मोठ्या संस्थेस जे लागू तेच घरासही लागू आहे. एकच प्रत असणे म्हणजे केवळ नशिबावर विसंबणे होय.

छायाचित्रांच्या जपणुकीसाठी पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम सोपा आहे: प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या बाह्य डिस्कवर, तिसरी इंटरनेटवरील साठ्यात किंवा परगावी. सीडी-डीव्हीडीवर जुन्या काळी उतरविलेली छायाचित्रे असतील तर ती आताच बाहेर काढून घ्यावीत. त्या तबकड्या काळानुसार खराब होतात, आणि त्या वाचणारे यंत्रही आता प्रत्येक घरी राहिलेले नाही. बाह्य डिस्क वर्षातून एकदा जोडून छायाचित्रे उघडतात की नाही हे पाहावे. दिवाळीच्या साफसफाईस ते काम जोडले तर विसर पडणार नाही.

सुरतेतील खानदेशी कुटुंबांना हा तिसरा भाग पाळणे विशेष सोपे आहे. ज्यांचे भाऊ-बहीण अंमळनेरला, शहाद्याला किंवा चोपड्याला आहेत, त्यांनी सुट्टीत गावी जाताना एक डिस्क तेथे ठेवावी आणि गावच्या घरातील छायाचित्रांची प्रत इकडे आणावी. ती डिस्क गावीही नदीकाठच्या तळघरात न ठेवता माळ्यावरील पेटीत ठेवावी. येथे पाणी आले तर तेथील प्रत राहील. तेथे वाळवी लागली तर येथील प्रत राहील.

शेवटी एक गोष्ट अशी, की जी कोणत्याही यंत्रास करता येणार नाही. छायाचित्र परत मिळते, पण त्यातील माणूस कोण, हे हार्ड डिस्क सांगत नाही. ते घरातील आजी सांगते, आणि आजी कायम राहणारी नाही. यास्तव छायाचित्रे हाती आल्यावर एखाद्या रविवारी तिला शेजारी बसवावे, एकेक चेहरा दाखवावा, आणि ती सांगेल ते नाव, गाव व वर्ष त्याच वेळी लिहून घ्यावे. हे सारे संगणक बंद पडण्यापूर्वी करता येते, आणि त्यास कोणताही खर्च लागत नाही.